भिंग नंतर घ्या, आधी डीएमला विचारा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायच्या गोष्टीच्या खेळात हुशार डिटेक्टिव्ह कसा बनवायचा, हा प्रश्न वेगवेगळ्या गावांतून, पण जवळजवळ त्याच शब्दांत येत राहतो. एकेकाला वेगळं उत्तर लिहून हात दुखले, म्हणून या वेळी सगळ्यांना एकदमच. (डीएम म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट सांगून खेळ चालवणारा.)

प्रश्न : डिटेक्टिव्हसाठी कोणता क्लास चांगला? (चिंचवड)

रोग (Rogue, म्हणजे चलाख, चोरपावलांचा पात्रप्रकार; आजार नव्हे). त्यातही इन्क्विझिटिव्ह. तिसऱ्या लेव्हलला हा प्रकार घेतला की समोरचा खोटं बोलतोय का हे ओळखण्याच्या इनसाइट रोलमध्ये वीस बाजूंच्या फाशावर 7 किंवा कमी पडले तरी 8 धरतात, आणि ऐन मारामारीतही बोनस अ‍ॅक्शन (आपल्या पाळीतली जादा छोटी कृती) वापरून पुरावा शोधता येतो. मात्र हा प्रकार 2017 च्या पूरक पुस्तकातला आहे. 2024 च्या नव्या प्लेअर्स हँडबुकमध्ये रोगचे चारच प्रकार आहेत आणि त्यांत हा नाही. ऑब्झर्व्हंट या फीटचंही (पात्राला मिळणाऱ्या खास गुणाचंही) तसंच. 2014 च्या नियमांत त्याने पॅसिव्ह परसेप्शन आणि पॅसिव्ह इन्व्हेस्टिगेशन (फासा न टाकताही धरली जाणारी नजर आणि तपासशक्ती) 5 ने वाढायचं, नव्यात ते फीट पार बदललंय. तेव्हा तुमच्या टेबलावर कोणते नियम चालतात आणि जुनं काय चालवून घेतात, हे आधी डीएमला विचारा. पात्राची माहिती लिहायची शीट नंतर भरा.

प्रश्न : इंटेलिजन्स वाढवू की विस्डम? (नाशिक)

दोन्ही. उंबऱ्यावरचा चिखल दिसणं हे विस्डम; गेले आठ दिवस पाऊस नसताना चिखल आला कुठून, हे इंटेलिजन्स. पॉइंट बायचे (गुण खर्चून क्षमता वाढवायच्या पद्धतीचे) 27 गुण असतील तर डेक्स्टेरिटी (चपळाई) 15, इंटेलिजन्स 14, विस्डम 14, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) 12, उरलेल्या दोन्हींत 8. हिशोब बरोबर बसतो.

प्रश्न : नॅचरल 20 (फाशावरच थेट 20) पडला की खुनी कोण ते डीएमला सांगावंच लागतं, असं आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणतो. (डोंबिवली)

नाही लागत. आपोआप यश हे हल्ल्याच्या रोलपुरतं आहे, स्किल चेकला (कौशल्याच्या रोलला) नाही. 2022 च्या चाचणी नियमांत तसा प्रस्ताव होता, तो पुढे गळाला. त्या एका जणाला नियमाचं पान उघडून दाखवायला सांगा. तुमच्या डीएमने घरचा नियम म्हणून मान्य केलं असेल तर गोष्ट वेगळी. तेही त्यालाच विचारा, ‘एका जणाला’ नको.

प्रश्न : एका ठिकाणी पैसे भरून ‘अचूक जीनियस डिटेक्टिव्ह’ असा पात्राचा तयार बिल्ड (आराखडा) घेतला. तीन क्लास मिसळलेत. खेळताना काहीच जमत नाही. (पुणे)

कसं जमेल? तीन क्लासांची खिचडी बाराव्या लेव्हलला छान लागते, आणि तुम्ही आहात तिसऱ्या लेव्हलला. असे बिल्ड विकणारे शेवटचा आकडा दाखवतात, तिथवर पोचेपर्यंतचे हाल दाखवत नाहीत. मूळ नियमांचा मोठा भाग 2023 पासून खुल्या परवान्याखाली फुकट मिळतो. पुण्यात राहून फुकट सोडून विकतचं घेतलंत, याचं मला जास्त वाईट वाटलं. कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट) कितव्या लेव्हलपर्यंत जाणार आहे हे डीएमला विचारा, आणि पात्र पुन्हा बांधू देता का तेही.

प्रश्न : माझ्या पात्राची इंटेलिजन्स 18 आहे, माझी नाही. डीएम कोडं घालतो, मी गप्प बसतो, सगळे हसतात. (कोल्हापूर)

या पत्राची मी वाट बघत होतो.

तुमच्या शेजारी बसलेला बार्बेरियन, म्हणजे रांगडा लढवय्या, कड्यावरून उडी मारतो, तेव्हा त्याला कोणी खुर्चीवरून उडी मारून दाखवायला सांगतं का? मग तुम्हालाच का स्वतःच्या डोक्याने कोडं सोडवून दाखवायला लावायचं? यात चूक तुमच्यापेक्षा टेबलाची आहे. हे मी अधिकाराने सांगतो, कारण तीच चूक मी स्वतः केली आहे.

मी डीएम म्हणून चालवलेल्या पहिल्या रहस्यकथेत सगळं प्रकरण शेकोटीतल्या एका अर्धवट जळालेल्या पत्रावर उभं होतं. डिटेक्टिव्ह पाचव्या लेव्हलचा. इंटेलिजन्सचे +4, एक्स्पर्टीजमुळे (खास प्रावीण्यामुळे) दुप्पट झालेला प्रोफिशिअन्सी (सरावाचा) बोनस +6, म्हणजे फाशाच्या आकड्यात एकूण +10. मी डीसी (यशासाठी गाठायचा आकडा) 15 ठेवला. याला कुठे अवघड आहे, म्हटलं. पडला 3. पत्र राहिलं राखेत, आणि चार हुशार माणसं तीन तास खानावळीच्या मालकिणीला सूपबद्दल प्रश्न विचारत बसली. तिच्या सुपात काही नव्हतं हो!

घरी जाऊन गणित मांडलं. +10 असताना डीसी 15 ला फाशावर 5 किंवा जास्त हवेत, म्हणजे यशाची शक्यता 80 टक्के. मी खूश होतो ते या 80 वर. पण उरलेले 20 म्हणजे पाचांतून एकदा गोष्ट तिथेच मरणार. त्याच निष्कर्षाकडे नेणारे तीन वेगळे पुरावे ठेवले असते, तर तिन्ही हुकण्याची शक्यता शेकडा एकापेक्षाही कमी होती. जळालेलं पत्र, नोकराचा घाबरलेला चेहरा, तबेल्यातला जादा घोडा. एवढं लिहायला दहा मिनिटं लागतात. आणि ज्याच्यावाचून गोष्ट पुढेच सरकत नाही, तो पुरावा फाशावर ठेवूच नये. देऊन टाकावा. रोल कशासाठी, तर त्यातून आणखी काय कळतं यासाठी.

आता तुमचा भाग. डीएमला सांगा की तुमचा रोल यशस्वी झाला, तर निरीक्षण त्याने चिठ्ठीवर लिहून तुमच्या हातात द्यावं, सगळ्यांसमोर वाचू नये. ‘मृताच्या उजव्या हाताला शाई आहे, पण तो डावखुरा होता.’ मग तुम्ही उठायचं, दोन पावलं चालायचं आणि ते वाक्य पात्राच्या तोंडून टाकायचं. टेबलावर तुम्हीच हुशार दिसता, कारण बोलताय तुम्ही. हे मागण्यात कमीपणा नाही. लाजून सहा सेशन गप्प बसण्यात मात्र आहे. पुढच्या सेशनच्या आधी डीएमला फोन करा, सेशन चालू असताना तक्रार नको.

प्रश्न : मी डीएम आहे. क्लेरिक (मंत्र टाकणारा पुजारी) झोन ऑफ ट्रूथ हा खरं बोलायला लावणारा मंत्र टाकतो आणि रहस्य पाच मिनिटांत संपतं. बंदी घालू का? (ठाणे)

मंत्र पुन्हा वाचा. मंत्राचा परिणाम झालेल्याला त्या वर्तुळात जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, गप्प मात्र राहता येतं. आणि मंत्राची जाणीव असल्याने गोलमाल उत्तरंही देता येतात. आपल्याकडच्या कुठल्याही मुरलेल्या पुढाऱ्याला हे जमेल. स्पीक विथ डेड या प्रेताला बोलतं करणाऱ्या मंत्राचंही तसंच. प्रश्न पाचच, प्रेताने खरं बोललंच पाहिजे असं नाही, आणि जिवंतपणी जे माहीत होतं तेवढंच त्याला माहीत. पाठीत सुरा बसलेल्याला खुनी कसा दिसणार? शिवाय प्रेताला तोंड लागतं. शहाणा खुनी जबडा बरोबर घेऊन जातो. बंदी घालायचीच असेल, तर क्लेरिकच्या खेळाडूशी आधी बोला. त्याने मंत्र निवडल्यावर नव्हे.

प्रश्न : भेटेल त्या प्रत्येकावर इनसाइट रोल करू का? (सातारा)

नको. पानवाल्यालाही सोडत नाही म्हणून डीएम वैतागेल.

प्रश्न : आमचा डिटेक्टिव्ह प्रत्येक सेशनला एकटाच तासभर तपास करतो, बाकीचे मोबाईल बघतात. सहा महिने झाले. काय करावं? (न्यू जर्सी)

सहा महिने! दुसऱ्या आठवड्यातच बोलायला हवं होतं. आता तरी त्याला आणि डीएमला एकत्र चहाला बोलवा आणि कामं वाटून घ्या. फायटर कोठडीतल्या माणसाला बोलतं करेल, बार्ड (गाणारा कलावंत) बाजारातल्या गप्पा आणेल, डिटेक्टिव्ह ते जुळवेल. त्यालाही बोलायला चार माणसं मिळतील. पुढे ढकलू नका, कॅम्पेन अशानेच बंद पडतात.

प्रश्न : सुरुवातीलाच भिंग घेऊ का? त्याशिवाय डिटेक्टिव्ह वाटत नाही. (औरंगाबाद)

2014 च्या यादीत भिंगाची किंमत 100 सोन्याची नाणी आहे. रोगने सुरुवातीच्या पैशांसाठी फासे टाकले तर सरासरी तेवढेच पडतात. म्हणजे हातात भिंग आणि कमरेला खंजीरही नाही. दोर घ्या, एका नाण्यात 50 फूट मिळतो. भिंग पहिल्या अशिलाकडून वसूल करता येईल का, ते डीएमला विचारा.