गिऱ्हाइकाला फोन वळवायचं बटण द्या, ॲडमिन लॉगिन नको

सांगलीच्या मार्केट यार्डातले अडते, मिरजेतली हॉस्पिटलं, कुपवाडचे कारखाने यांना तुम्ही फ्रीपीबीएक्स (ऑफिसातले फोन जोडणारी आणि वळवणारी पीबीएक्स यंत्रणा) बसवून दिलंय. "आज लवकर बंद करतोय, फोन मोबाइलवर टाका" असे निरोप दिवसभर येतात, म्हणून त्यांना ॲडमिन लॉगिनच देऊन टाकावं का, असं तुम्ही विचारलंय.

देऊ नका. इनबाउंड रूटमध्ये (येणारा कॉल कुठे जायचा, ते ठरवणारी सेटिंग) एक चुकीचा बदल झाला की नंबर मुका होतो, आणि आउटबाउंड रूट (जाणाऱ्या कॉलची सेटिंग) उघडा राहिला तर एका रात्रीत परदेशी कॉलचं बिल चढतं. फोन जिथे जिथे जाऊ शकतो ती ठिकाणं तुम्हीच आधी बांधून, तपासून ठेवा. त्यातलं कोणतं चालू करायचं, एवढंच गिऱ्हाइकाच्या हातात असू द्या.

खरा घोळ फोनवर दाबायच्या *२७ आणि *२८ या कोडांत होतो. *२७ आणि पुढे टाइम कंडिशनचा (उघडण्या-बंद होण्याच्या वेळापत्रकाचा) क्रमांक दाबला की वेळापत्रक तात्पुरतं उलटतं. नेहमी सातला बंद होणारं दुकान आज पाचला बंद करायचं, तर हेच योग्य. सात वाजले की मूळ वेळापत्रक आपोआप लागू होतं, उद्या सकाळी कुणाला काही आठवावं लागत नाही. *२८ म्हणजे कॉल फ्लो कंट्रोल, कॉल दोनपैकी कोणत्या वाटेने जायचा ते ठरवणारा हाताने फिरवायचा स्विच. ते पुन्हा दाबेपर्यंत तसंच राहतं. दिवाळीत दाबलं आणि विसरलं, तर भाऊबीज उलटून गेली तरी फोन 'आज सुट्टी आहे' म्हणत राहतो. म्हणून *२८ला पासवर्ड लावा आणि रिसेप्शनच्या फोनवर त्याची बीएलएफ की (दिव्याचं बटण) द्या, म्हणजे दिवा पेटलेला समोर दिसेल. पाडवा, गणेश चतुर्थीच्या तारखा दरवर्षी सरकतात. टाइम ग्रुपमध्ये (वेळापत्रकाच्या वेळा-तारखांच्या यादीत) घातल्या असतील तर नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की बदलायच्याच. सर्व्हरचा टाइमझोनही बघा. यूटीसीवर राहिला तर सगळं साडेपाच तास सरकतं.

मोबाइलवर वळवलेला प्रत्येक कॉल दोन चॅनल (एका चॅनलवर एका वेळी एकच कॉल) खातो. चार चॅनलच्या ट्रंकवर (फोन कंपनीकडून घेतलेल्या बाहेरच्या लाइनवर) असे दोन कॉल झाले की तिसऱ्याला एंगेज टोन. रिंग ग्रुपमध्ये (एकाच कॉलला वाजणाऱ्या फोनांच्या यादीत) मोबाइल नंबराच्या शेवटी # लावा आणि 'कन्फर्म कॉल्स' चालू करा, म्हणजे उचलणाऱ्याने बटण दाबून होकार दिला तरच कॉल जोडला जातो. नाहीतर एखाद्या मोबाइलच्या व्हॉइसमेलने कॉल उचलला की बाकीच्यांची रिंग थांबते. रिंगची वेळ २० सेकंदांच्या खाली नेऊ नका. मोबाइल वाजायलाच काही सेकंद जातात, आणि आपल्याकडे एक रिंग तीन सेकंदांची असते.

आता पुराचं, कारण सांगलीत ते टाळून चालत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं. अशा वेळी ऑफिसातल्या फोनवरून कोड दाबायला कोण जाणार? मालकाच्या मोबाइलवर व्हीपीएनमधून (इंटरनेटवरची सुरक्षित खाजगी वाट) चालणारं सॉफ्टफोन एक्स्टेंशन, म्हणजे ॲपमधला ऑफिसचा फोन, द्या. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला लागलं की त्यांनी घरूनच *२८१ (*२८ आणि पुढे कॉल फ्लोचा क्रमांक १) दाबावं. डिसा (बाहेरून फोन करून पिन टाकला की तुमच्या लाइनवरून पुढे फोन लावू देणारी सोय) मात्र उघडू नका. पिन फुटला की तुमच्या ट्रंकवरून कुणीही बाहेर फोन लावेल.

पण पीबीएक्सच ऑफिसात असेल आणि वीज तोडली, तर यातलं काहीच चालत नाही. त्यासाठी ट्रंक देणाऱ्या कंपनीकडूनच 'संपर्क नसल्यास अमुक नंबरवर' अशी सोय करून घ्या. रजिस्ट्रेशनची (कंपनीकडे तुमचं पीबीएक्स चालू असल्याच्या नोंदीची) मुदत ३६०० सेकंद असेल तर लाइन गेल्यावरही तासभर त्यांच्या लेखी तुम्ही चालूच असता आणि कॉल वाया जाऊ शकतात. त्यांनी मान्य केलं तर ती १२० ते ३०० वर आणा. मग राउटरची इंटरनेटची वायर काढा, तेवढा वेळ थांबा आणि बाहेरच्या मोबाइलवरून फोन करून कुठे वाजतोय ते बघा. हे काम मे महिन्यातच उरका.