अमेरिकेतली नामांकित कॉलेजं प्रवेश देताना अभ्यासेतर उपक्रमांना किती महत्त्व देतात?

मुलीकडे बारा-पंधरा प्रमाणपत्रं आहेत, त्यांचा प्रवेशाला उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या संख्येचा होणार नाही. पण त्यातल्या दोन-तीन गोष्टी तिने वर्षानुवर्षं नेटाने केल्या असतील, तर त्यांचा नक्की होईल.

आधी अभ्यास बघितला जातो: विषय किती अवघड घेतले आणि त्यात गुण किती. तिथे कमी पडलं तर उपक्रम सहसा तारत नाहीत (प्रशिक्षकाने कॉलेजच्या संघासाठी हेरलेले खेळाडू सोडून). मात्र ज्यांना अभ्यास सहज झेपेल अशीच मुलं जागांच्या कितीतरी पट असतात. त्यांच्यातून निवडताना उपक्रम, निबंध आणि शिफारसपत्रं कामाला येतात.

प्रवेशात वंशाचा विचार होतो म्हणून हार्वर्ड विद्यापीठावर झालेल्या खटल्याची सुनावणी 2018 मध्ये झाली, तेव्हा त्यांची पद्धत उघड झाली. उपक्रमांना 1 ते 6 असा आकडा दिला जायचा. 1 म्हणजे खरोखर राष्ट्रीय पातळीवरचं यश. 2 म्हणजे शाळेत उठून दिसणारं काम, उदाहरणार्थ शाळेच्या वृत्तपत्राचं संपादन. 3 म्हणजे सहभाग चांगला, पण वेगळं काही नाही. नुसत्या लांबलचक याद्या इथेच अडकतात. 4 म्हणजे सहभाग नगण्य. 5 मात्र त्याहून खालचा दर्जा नव्हे. घरची जबाबदारी किंवा शाळा सांभाळून केलेली नोकरी यासाठी तो होता, आणि परिस्थितीमुळे काही करताच आलं नाही त्यांच्यासाठी 6. म्हणून आजारी आजीची देखभाल किंवा धाकट्या भावाला सांभाळणं अर्जात जरूर लिहा. कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) घरच्या जबाबदाऱ्यांचा वेगळा प्रकारच आहे.

कॉमन ॲपमध्ये जास्तीत जास्त 10 उपक्रम लिहिता येतात. पदासाठी 50 अक्षरं, वर्णनासाठी 150, तीही स्पेस धरून. बक्षिसांच्या 5 जागा वेगळ्या असतात, त्यामुळे तेच बक्षीस दोन्हीकडे लिहून जागा घालवू नका. एमआयटीचा अर्ज स्वतंत्र आहे आणि तिथे फक्त 4 उपक्रम मागतात. महत्त्वाचं वर, या क्रमाने लिहा.

‘गणित मंडळाची सक्रिय सदस्य, अनेक उपक्रमांत उत्साहाने सहभाग’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘दर शनिवारी सातवीच्या 18 मुलींना गणित शिकवलं, सरावाचे 40 संच केले, नंतर वर्ग ज्युनिअर्सकडे सोपवला’ यातून काम दिसतं, आणि ते पुढे टिकलं हेही.

सगळ्यात जास्त घोळ तासांचा होतो. प्रत्येक नोंदीत आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे भरावे लागतात. दहा नोंदींना प्रत्येकी 8 तास लिहिले की बेरीज 80 होते. शाळा धरून ते शक्यच नाही, आणि मग खऱ्या नोंदींवरही संशय येतो. शिक्षकांच्या पत्राशीही मेळ हवा. मुलगी स्वतःला मंडळाची संस्थापक म्हणते आणि मंडळ चालवणाऱ्या शिक्षकांच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही, हे लगेच खटकतं.

भरमसाट फी घेऊन मोठ्या विद्यापीठाच्या आवारात होणाऱ्या उन्हाळी शिबिरांना फारसं वजन नसतं, कारण पैसे भरणाऱ्याला बहुधा जागा मिळतेच. एमआयटीत भरणारं ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ हे शाळकरी मुलांचं उन्हाळी संशोधन शिबिर याच्या अगदी उलट: निवड अतिशय कडक आणि शिकण्याचा खर्च शून्य.

कॉलेजांची यादी पक्की करण्याआधी प्रत्येकाचा ‘कॉमन डेटा सेट’ (कॉलेजने ठरावीक नमुन्यात स्वतःच दिलेली माहिती) शोधा. त्यातल्या सी7 तक्त्यात गुण, निबंध, उपक्रम यांतलं काय ‘अत्यंत महत्त्वाचं’ आणि काय नुसतं ‘विचारात घेतलं जातं’, हे कॉलेजनेच नमूद केलेलं असतं.