वाचकांचे प्रश्न : झेंडा कुठलाही असो, गल्ली एकच

या वेळी आलेल्या प्रश्नांत राजकारणच राजकारण आहे, म्हणून म्हटलं गुडघेदुखी आणि लोणची पुढच्या अंकात ढकलू आणि हे एकदाचं घेऊन टाकू. नावं छापत नाहीये, नुसता मोहल्ला छापतेय. तसंही लोकमान्य नगरात नाव न छापता सगळ्यांना कळतंच कोण ते.

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर) : ताई, मी आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाचा सचिव आहे. मागच्या निवडणुकीपासून ग्रुपवर रोज भांडणं होऊन राहिलीत. आता एक पार्षद (नगरसेवक) म्हणतात मांडवाचा सगळा खर्च मी देतो, पण गेटच्या फ्लेक्सवर पक्षाच्या चिन्हासकट माझा फोटो पाहिजे. अर्धी गल्ली खुश आहे, अर्ध्या गल्लीने वर्गणीच थांबवलीय. फोटो लावला तर माणसं जातात, नाही लावला तर मांडव जातो. काय करू?

उत्तर : दादा, मांडव जाऊ द्या. फोटो ह्यांचाही नको आणि उद्या दुसऱ्या पक्षाचं कुणी पाकीट घेऊन आलं तर त्यांचाही नको. पार्षदसाहेबांना सांगा की वर्गणी आनंदाने घेऊ, पावती फाडू, हिशेबाच्या कागदावर तुमचं नाव बाकीच्यांच्या नावाएवढ्याच अक्षरात येईल. हो म्हणाले तर उत्तमच. नाही म्हणाले तर कळलंच की पैसे गणपतीला नव्हते, फ्लेक्सला होते. मग डीजे काढून टाका, मांडव छोटा करा, अगदीच नाही जमलं तर कुणाच्या तरी ओट्यावर गणपती बसवा, त्याला काही फरक पडत नाही, आपल्यालाच पडतो.

पण ज्या अर्ध्या गल्लीने वर्गणी थांबवली तिचंही मला काही कौतुक नाही हं. फोटोला विरोध करा, मीटिंगमधे आवाज चढवा, ते बरोबरच आहे, पण वर्गणी अडवून धरायची म्हणजे यांच्याही डोक्यात पक्षच बसलाय, फक्त दुसरा. त्यांना सरळ विचारा की हाच फ्लेक्स तुमच्या साहेबांचा असता तर थांबवली असती का वर्गणी? आणि हाच प्रश्न त्या खुश झालेल्या अर्ध्या गल्लीलाही विचारा. उत्तर द्यायला जो वेळ लावेल त्याचं काय ते समजून घ्या.

आणि हे आपल्या इंदूरला नवीन थोडंच आहे. अनंत चतुर्दशीला मिलवाले मिरवणुकीत काढतात त्या सजवलेल्या झांक्या आठवा. हुकुमचंद कापड मिल १९९१ ला बंद पडली, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी सगळ्या एकेक करून थंड झाल्या, हुकुमचंदच्या कामगारांना थकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, तोपर्यंत कितीतरी जण वर गेले सुद्धा, तरी झांकी निघत राहिली. मिलमधे काँग्रेसच्या कामगार संघटनेचे, इंटकवाले होते, लाल झेंडेवाले होते, गेटवर एकमेकांच्या विरोधात गळा फाटेपर्यंत घोषणा द्यायचे, आणि चतुर्दशीच्या रात्री सगळे आपापल्या मिलच्या झांकीमागे चालायचे. होमी दाजी १९६२ ला इथून खासदार झाले, कट्टर कम्युनिस्ट माणूस, त्यांना मत देणारे सगळे काय कम्युनिस्ट होते? नव्हते. तेव्हा लोकांना माणूस वेगळा आणि झेंडा वेगळा बघता येत होता, आता का येऊ नये?

ग्रुपचं म्हणाल तर मंडळाच्या ग्रुपवर फक्त मंडळाचं. आरतीची वेळ, प्रसाद कुणाकडे, ड्रेनेज चोक झालंय तर महापालिकेच्या ३११ ॲपवर तक्रार कुणी टाकली, बस. राजकारणासाठी वेगळा ग्रुप काढून द्या, तिथे रात्री दोनपर्यंत भांडा म्हणावं. आणि ज्या दोघांचं सगळ्यात जास्त वाजतं ना, त्या दोघांना एकच पावतीपुस्तक देऊन वर्गणीला पाठवा. एक पावती लिहील, दुसरा पैसे मोजेल, संध्याकाळी दोघांना मिळून हिशेब द्यावा लागेल. चार घरी चहा झाला की आवाज आपोआप खाली येतो.

प्रश्न (राजेंद्र नगर, इंदूर) : मावशी, मी कॉलेजात आहे, २०२४ ला पहिल्यांदा मत दिलं. आमच्या घरात अजून त्यावरून वाद चालतो. बाबा म्हणतात नोटा (‘यापैकी कुणीच नाही’चं बटण) दाबणाऱ्यांनी शहराची लाज काढली, काका म्हणतात तेच खरे जागरूक नागरिक. दोघंही देशासाठीच बोलतोय म्हणतात. खरं कोण?

उत्तर : बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. २०२४ च्या लोकसभेला इंदूरच्या काँग्रेस उमेदवाराने अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी अर्ज काढून घेतला आणि भाजपमधे गेला, मग काँग्रेसने लोकांना नोटा दाबायला सांगितलं. निकालात भाजपचे उमेदवार १२,२६,७५१ मतं घेऊन जिंकले आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली, देशात एवढा नोटा आधी कुठेच पडला नव्हता.

आता तुझ्या बाबांना सांग की नोटा २०१३ पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालाने मशीनवर आलाय, ते बटण दाबणं हा हक्क आहे, त्यात लाज कसली. आणि काकांना सांग की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांमधे जो पुढे असतो तोच लोकसभेत जातो, म्हणजे नोटा हा निरोप आहे, निकाल नाही, तेव्हा तेवढं बटण दाबून जागरूकपणा पाच वर्षांसाठी संपला असं नाही ना. ज्याने बारा लाखांत मत दिलं त्याने आपल्या खासदाराला प्रश्न विचारला का, ज्याने नोटा दाबला त्याने नंतर काय केलं, मला यात जास्त इंटरेस्ट आहे. दोघंही उन्हात लाइनीत उभे राहिले, देशाचं काम तिथे दोघांनीही केलं.

तुला मात्र एक काम सांगते. पुढच्या निवडणुकीत कुठल्याही पक्षाची, जो तुला पटतो त्याची, पोलिंग एजंट म्हणून बस. टीव्हीवरच्या डिबेट बघून जे कळत नाही ते बूथवर एका दिवसात कळतं. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी बोलावतात, पहाट असते, सगळ्यांचे डोळे सुजलेले. मग सगळ्या पक्षांच्या एजंटांसमोर मॉक पोल होतो, कमीत कमी ५० मतं टाकून बघतात, मशीनचा आकडा आणि मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवतात, मग मशीन क्लिअर, चिठ्ठ्या बाहेर, सील, आणि सीलवर ह्या पक्षाच्या एजंटची सही आणि तिच्या शेजारी त्या पक्षाच्या एजंटची. दिवसभर एकाच बाकावर बसायचं. कुणी दुसऱ्याच्या नावावर मत द्यायला आलाय असं वाटलं तर हरकत घेता येते, त्याचे दोन रुपये भरावे लागतात, हो दोनच, आणि उगीच हरकत घेतली असं निघालं तर ते दोन रुपये जप्त! संध्याकाळी किती मतं पडली त्याच्या फॉर्म १७-सी ची कॉपी प्रत्येक एजंटला मिळते. दुपारी कुणाच्या तरी डब्यातून पोहे निघतात आणि पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावण मसाल्याची पुडी बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते, तिथे पक्ष कुणी विचारत नाही. एकमेकांवर नजर ठेवायलाच बसलेत सगळे, आणि त्या नजरेमुळेच निवडणूक नीट होते. मला तर वाटतं बाबा आणि काका दोघांनाही एकदा पाठवावं.

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर) : ताई, परदेशात गेल्यावर विरोधी पक्षाचे लोक सरकारच्या बाजूने बोलतात आणि इथे आले की शिव्या देतात, हे नाटकच नाही का? आणि जो सरकारवर टीका करतो तो देशाच्या विरोधात, असं आमच्या वॉकिंग ग्रुपमधे रोज ऐकतो.

उत्तर : काका, तुम्ही ग्वाल्हेरचे आणि हा प्रश्न मला विचारताय! तुमच्याच शहरात जन्मलेल्या माणसाचं उदाहरण देते. जुलै १९९३ ला नरसिंह राव सरकारवर अविश्वास ठराव आला, वाजपेयींचा पक्ष सरकारच्या विरोधात उभा होता, २५१ विरुद्ध २६५, सरकार थोडक्यात वाचलं. नंतर वर्षही झालं नव्हतं तर १९९४ च्या सुरुवातीला जिनिव्हात मानवाधिकार आयोगात पाकिस्तानने काश्मीरचा विषय काढला, आणि रावांनी भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व विरोधी पक्षनेत्यालाच दिलं, वाजपेयींना. रावांचे मंत्री सलमान खुर्शीद त्यांच्यासोबत होते. पाकिस्तानला तो ठराव शेवटी मागे घ्यावा लागला. त्याच फेब्रुवारीत संसदेनेही काश्मीरवरचा ठराव एकमताने पास केला. परत आल्यावर वाजपेयी राव सरकारवर टीका करायचे थांबले का? अजिबात नाही, आणि रावांनीही तशी अपेक्षा केली नाही.

२०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरनंतर सात शिष्टमंडळं वेगवेगळ्या देशांत गेली, त्यात शशी थरूर, कनिमोळी, सुप्रिया सुळे, श्रीकांत शिंदे असे एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पक्षांचे लोक नेतृत्वाला होते. याला नाटक म्हणू नका. बाहेरच्यासमोर घर एक, आणि घरात आल्यावर प्रश्न विचारायचे, दोन्ही कामं त्यांचीच आहेत, आणि दुसरं काम बंद पडलं तर पहिल्यालाही फार किंमत राहत नाही.

वॉकिंग ग्रुपसाठी एक सांगते. आमच्या शेजारी महूला जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी आयुष्यभर काँग्रेसवर जेवढी टीका केली तेवढी फार कमी लोकांनी केली असेल. बंगालमधून ते संविधान सभेत निवडून आले होते, फाळणीने ती जागा गेली, तेव्हा १९४७ ला राजेंद्रप्रसादांनी मुंबईच्या बाळासाहेब खेरांना पत्र लिहिलं की यांना मुंबईतून निवडून पाठवा, आणि काँग्रेसवाल्यांनीच पाठवलं. मग ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री झाले. आणि ह्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दोन गोष्टी बजावल्या, एक म्हणजे पक्षांनी आपला पंथ देशापेक्षा वर ठेवला तर स्वातंत्र्य पुन्हा धोक्यात येईल, आणि दुसरी म्हणजे राजकारणातली भक्ती, व्यक्तिपूजा, देशाला हुकूमशाहीकडे नेते. वॉकिंग ग्रुपवाले पहिली फॉरवर्ड करतात आणि दुसरी विसरतात. दोन्ही वाचून दाखवा त्यांना, एका फेरीत होईल.

प्रश्न (स्कीम ५४, इंदूर) : ताई, तुम्ही स्वतः कोणत्या पक्षाच्या?

उत्तर : मतदान गुप्त असतं, भिया.

प्रश्न (विजय नगर, इंदूर) : ज्यांना मी मत दिलं नाही त्यांच्या कचऱ्याच्या योजनेला मी का मदत करू? आम्ही घरात कचरा वेगळा करायचा आणि बक्षीस घेताना फोटो त्यांचे.

उत्तर : फोटो त्यांचे येणार, ते खरंय, त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण जरा मागे जाऊन बघा. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१६ ला पंचविसावं होतं आणि २०१७ ला पहिलं आलं. डिसेंबर २०१८ ला भोपाळमधे काँग्रेसचं सरकार आलं, मार्च २०२० ला परत भाजपचं, मधे महापालिकेची मुदत संपून प्रशासक बसले, आणि या सगळ्या भानगडीत सकाळची कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येतच राहिली, आणि इंदूर २०१९ लाही पहिलं आणि २०२० लाही पहिलंच. ते काय कुणा एका पक्षाच्या जोरावर झालं? सफाई मित्र पहाटे झाडू घेऊन निघत होते आणि तुमच्यासारख्यांच्या घरातून ओला वेगळा, सुका वेगळा येत होता म्हणून झालं. देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवायचा प्लांट आहे, २०२२ ला सुरू झाला, त्या गॅसवर सिटी बस चालतात. तुम्ही रागाने भाजीच्या सालांत दुधाची पिशवी टाकली तर महापौरांना काही त्रास होत नाही, तिथे प्लांटवर कचऱ्याच्या पट्ट्यापाशी हाताने ती पिशवी काढणाऱ्या बाईला होतो.

संविधानात कलम ५१-क मधे मूलभूत कर्तव्यं आहेत, १९७६ ला आली, तेव्हा दहा होती, २००२ ला अकरावं वाढलं. देशाची एकता राखा, सार्वजनिक मालमत्ता जपा, पर्यावरण सांभाळा. त्यात कुठेही असं नाही की सरकार आपल्या पसंतीचं असेल तरच. आणि हो, नंबर वन शहर म्हणून नाली तुंबली तरी गप्प बसायचं असंही त्यात लिहिलेलं नाही, तक्रार जरूर करा, फोटो काढून करा.

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर) : काकू, आमचे व्याही दुसऱ्या पक्षाचे. पुढच्या महिन्यात मुलीचं डोहाळजेवण आहे. गेल्या वेळी टीव्हीवरची डिबेट बघताना आमच्या ह्यांनी आणि व्याह्यांनी असा गोंधळ घातला की मुलगी आत जाऊन रडली. आता ह्यांना कसं समजवू?

उत्तर : अगं, टिळक आणि गोखल्यांचं भांडण तुमच्या ह्यांच्या भांडणापेक्षा कितीतरी मोठं होतं. १९०७ ला सुरतेला काँग्रेस फुटली, अक्षरशः जोडा फेकला गेला, दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले तेव्हा पुण्याच्या स्मशानात टिळक हजर होते आणि त्यांनी गोखल्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हटलं, सगळ्यांसमोर. मतं एक इंचही बदलली नव्हती. हे ह्यांना जेवताना नको, सकाळच्या चहाला सांग, तेव्हा माणूस ऐकतो. आणि मुलीने त्या घरात सुखाने राहायचंय, हेही.

बाकी डोहाळजेवणाच्या दिवशी सेटटॉप बॉक्सची वायर काढून ठेव आणि बिघडलाय म्हणून सांग. व्याह्यांना पंगतीत वाढायला बोलाव, ह्यांना पाहुणे उतरवून घ्यायला गेटवर पाठव, फारसं समोरासमोर यायलाच नको. तरी वाजलंच तर तू मधे पडू नकोस, विहीणबाईंना पुढे कर, त्यांचं ते ऐकतील. आणि मेनू काय ठरवलाय ते कळव, थंडीत असेल आणि गराडू कंद तळणार असाल तर मी येतेच.