वाघ नको, माळ दाखवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सातवीची चाळीस मुलं, पुण्याहून बस, दोन मुक्काम, विषय वन्यजीव संवर्धन. ताडोबा परवडेल का, की भीमाशंकरला जाऊन शेकरू दाखवावा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्ही राहू द्या. बारामती तालुक्यातल्या सुप्याला जा.

पंधरा-सोळा वर्षं मी मुलांना रानात नेतोय. पहिल्या वर्षी मीही हौसेनं एका व्याघ्रप्रकल्पात नेलं होतं. तीन फेऱ्या झाल्या, जिप्सीत कोंबून बसवलेली मुलं धुळीनं लाल झाली, वाघ काही दिसला नाही. घरी परतल्यावर चित्रं काढायला सांगितली, तर जवळपास सगळ्यांनी वाघच काढला. न दिसलेला! जिप्सीपुढून तोंडात सरडा धरून गेलेलं मुंगूस एकाच्याही कागदावर नव्हतं. त्यात मुलांची चूक नव्हती. महिनाभर मीच त्यांना वाघाचं गाजर दाखवत होतो.

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य मोरगावच्या गणपतीपासून लांब नाही. आकार जेमतेम ५ चौरस किलोमीटर. हिवर, बोर, बाभळी आणि बाकी सगळं गवत. पाहिल्यावर पालक म्हणतात, 'यात काय बघायचं?' पण चिंकारा (लहान हरणासारखा प्राणी) बहुतेक वेळा दिसतोच, आणि उघडा माळ असल्यामुळे तो नुसता झाडीत पळून जात नाही, थांबतो, वळून बघतो, शेपटी हलवतो. मुलांना वागणूक बघायला मिळते. थंडीत मध्य आशियातून आलेले भोवत्या हे शिकारी पक्षी गवतावरून खालून खालून तरंगत जातात. अभयारण्यात एकच सकाळ ठेवा, वनरक्षकांना सोबत घेऊन. बाकीचा वेळ आसपासच्या गावच्या माळावर घालवा, खरं शिबिर तिथेच होतं.

दोन गोष्टी मी कधीच चुकवत नाही.

पहिली ठशांची पट्टी. संध्याकाळी मुक्कामाजवळच्या बांधालगत दोन हात रुंद, दहा-बारा पावलं लांब जागा खराट्यानं साफ करायची आणि वर चाळलेली माती पसरायची. चाळणी मुलांच्याच हातात द्या. सकाळी उजाडायच्या आत जाऊन बघायचं, वारा सुटला की संपलं. गेल्या खेपेला पट्टीवर शेणकिड्याची शिवण घातल्यासारखी रेघ होती, सशाच्या उड्या होत्या आणि मधोमध खोकडाची, म्हणजे माळावरच्या लहान कोल्ह्याची, सरळ चाल. 'मांजर आहे सर,' म्हणून एक जण अडून बसला. त्याला गुडघ्यावर बसवून नखांच्या बारीक टोचण्या दाखवल्या. मांजर चालताना नखं आत घेतं, खोकडाला ते जमत नाही. 'म्हणजे रात्री आपण झोपलो होतो तिथून हा गेला?' असं विचारून तो झोपायच्या खोलीपर्यंतची पावलं मोजत गेला. बावीस भरली.

दुसरी गोष्ट कुसळ, म्हणजे गवताचं टोकदार, लांब शेपटीचं बी. मोज्यात अडकलेलं एक कुसळ काढून तळहातावर ठेवायला सांगा आणि त्याच्या पिळावर पाण्याचा थेंब सोडा. ते आपोआप गरगर फिरायला लागतं. भिजलं की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि असं फिरत फिरत टोकाचं बी जमिनीत शिरतं. मुलं अर्धा तास हलत नाहीत. माळ ही कुणी वाया घालवलेली जागा नाही, ते एक चालू असलेलं काम आहे, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आता एक कडू गोष्ट. शिबिराच्या शेवटी मुलांकडून रोपं लावून घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. माळावर ती मोडा. सरकारी कागदांवर माळरानाला वर्षानुवर्षं 'पडीक' म्हटलं गेलं, आणि पडीक म्हटलं की कुणाला प्लॉट दिसतात, कुणाला लागवडीच्या गिरिपुष्प झाडांच्या रांगा. धाविक, चंडोल, माळढोक या पक्ष्यांना उघडं गवतच लागतं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, आणि तिथेही आता माळढोक दिसणं दुरापास्त झालंय. हे मुलांना स्पष्ट सांगा. 'मग झाडं लावायचीच नाहीत का?' असं कुणी विचारेलच. गावात, शाळेत, ओढ्याकाठी लावा म्हणावं.

आणि एक संध्याकाळ धनगराच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांसह टाकलेल्या त्यांच्या तळावर. इथले बरेचसे वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात, म्हणून एक तर दिवाळीच्या सुट्टीआधी जा किंवा गावातच राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाला आधी भेटून ठेवा. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं कशी कोंडतात, रात्री कुत्री कुठे बसतात, शेतकरी शेतात मेंढरं बसवून घेतात त्याचे काय मिळतात, सगळं मुलांना विचारू द्या. आम्ही गेलो तेव्हा आदल्याच आठवड्यात लांडग्यानं एक कोकरू नेलं होतं. एका मुलीनं विचारलं, 'मग तुम्ही लांडग्याला मारत का नाही?' वाड्यावरचे म्हातारे बाबा तंबाखू मळत म्हणाले, 'त्येचं बी पोट हाय की. पर माजं बी हाय.' लांडग्याला कायद्यानं वाघाइतकंच संरक्षण आहे हे मी वर्गात सांगितलेलं होतं. भरपाईचा पंचनामा होईपर्यंत वाडा तीन गावं पुढे गेलेला असतो, हे मला तिथे कळलं. मुलं परतीच्या वाटेवर यावरूनच भांडत होती, मी मध्ये पडलो नाही.

व्यवस्थेचं थोडक्यात: चाळीस एकदम नेऊ नका, वीस-वीसच्या दोन खेपा करा. आठ मुलांमागे एक मोठं माणूस. परवानगीचा अर्ज महिनाभर आधी. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे हे निघण्यापूर्वी फोन करून विचारा, १०८ वर सगळं सोडू नका. मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय स्वतः जाऊन बघा, फोनवरच्या 'आहे की' वर विश्वास ठेवू नका. विष्ठा बघायची ती काडीनं, हातानं नाही. मोबाइल गोळा करा, शिक्षकांचेही. आणि पालकांना कळवा की मोजे जुने द्या, कारण परत आल्यावर ते टाकूनच द्यावे लागतात.