‘फॉलआउट ५’ची प्रतीक्षा आणि अपेक्षा : वाचकांचे प्रश्न

अणुयुद्धानंतरच्या उजाड अमेरिकेत घडणाऱ्या ‘फॉलआउट’ या गेममालिकेच्या पुढील भागाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. काही उत्तरांत जुन्या भागांचे शेवट उघड होतात, याची खेळायचे बाकी असलेल्यांनी नोंद घ्यावी.

प्रश्न : ‘फॉलआउट ४’ येऊन दहा वर्षे उलटली. पाचवा भाग कधी येणार, आणि एवढा उशीर कशामुळे?

उत्तर : ही मालिका आता बनवणाऱ्या बेथेस्डा या स्टुडिओचे गेम-दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी २०२२ मध्येच क्रम सांगून टाकला होता : आधी स्टुडिओच्या ‘द एल्डर स्क्रोल्स’ या दुसऱ्या गेममालिकेचा सहावा भाग आणि त्यानंतर ‘फॉलआउट ५’. त्यामुळे आज जो कोणी नेमकी तारीख सांगतो, तो अंदाजच सांगतो असे समजावे. उशिराचे कारणही या क्रमातच आहे. हा स्टुडिओ एकट्याने खेळायचे मोठे गेम एकामागून एक बनवत आला आहे. ‘एल्डर स्क्रोल्स’चा ‘स्कायरिम’ हा भाग नोव्हेंबर २०११ मध्ये आला, ‘फॉलआउट ४’ नोव्हेंबर २०१५ मध्ये आणि ‘स्टारफील्ड’ सप्टेंबर २०२३ मध्ये. म्हणजे चार वर्षांचे अंतर वाढत जवळजवळ आठ वर्षांवर गेले. मध्यंतरी २०१८ चा ‘फॉलआउट ७६’ होता हे खरे, पण तो ऑनलाइन गेम असल्याने एकट्याने खेळणाऱ्यांची भूक त्याने भागली नाही. शिवाय प्रत्येक गेमचा पसारा वाढतोच आहे : ‘फॉलआउट ४’मध्ये संवादाच्या सुमारे १,११,००० ओळी होत्या, तर ‘स्टारफील्ड’मध्ये अडीच लाखांहून अधिक.

घोषणेच्या बाबतीत मात्र माझी एक अपेक्षा आहे. ‘फॉलआउट ४’ जून २०१५ मध्ये जाहीर झाला आणि पाच महिन्यांत हाती आला. याउलट ‘एल्डर स्क्रोल्स’च्या सहाव्या भागाची छोटी झलक जून २०१८ मध्ये दाखवली गेली आणि तेव्हापासून चाहते डोंगरांच्या त्याच एका दृश्याचा कीस काढत बसले आहेत. पाचव्या ‘फॉलआउट’ने पहिला मार्ग धरावा.

प्रश्न : चौथ्या भागात माझे पात्र बोलत होते, पण मला हवे ते बोलत नव्हते. पुढच्या भागात हे सुधारेल का? आणि गोळी न झाडता कथा पूर्ण करता येईल का?

उत्तर : मला हे दोन प्रश्न एकच वाटतात, आणि पाचव्या भागाचे यशापयश यावरच ठरेल असे माझे मत आहे.

१९९७ च्या पहिल्या ‘फॉलआउट’मध्ये ‘मास्टर’ नावाचा खलनायक सगळ्या माणसांचे सुपर म्यूटंटमध्ये, म्हणजे महाकाय उत्परिवर्तित जीवांमध्ये रूपांतर करून मानवजातीतील भांडणे मिटवू पाहतो. त्याच्याशी लढता येते. पण त्याचे म्यूटंट वांझ आहेत याचा पुरावा मिळवून तो त्याच्यापुढे ठेवला आणि पात्राचे बोलण्याचे कौशल्य पुरेसे असले, तर आपली योजनाच निष्फळ आहे हे त्याला पटते आणि तो स्वतःचा शेवट करून घेतो. खेळाडूने कौशल्यांचे गुण कुठे खर्च केले, वाटेत कोणाकोणाला बोलते केले, कोणती माहिती जपून ठेवली, या सगळ्याचे फळ त्या एका संभाषणात मिळते. ऑब्सिडियन या दुसऱ्या स्टुडिओने बनवलेल्या २०१० च्या ‘न्यू वेगास’ या भागातही हूव्हर धरणावरील अंतिम प्रसंगी शत्रूचा सेनापती लेगेट लेनियस याला तलवार न उपसता परत पाठवता येते.

चौथ्या भागात ही परंपरा क्षीण झाली. स्वतंत्र कौशल्ये काढून टाकली गेली आणि नायकाला आवाज मिळाला. स्त्री आणि पुरुष अशा दोन आवाजांत प्रत्येकी तेरा हजारांच्या आसपास ओळी ध्वनिमुद्रित कराव्या लागल्या. नायकाचे प्रत्येक वाक्य दोनदा मुद्रित करायचे म्हटले की लेखकाचा हात आखडणारच. प्रत्येक वेळी चारच पर्याय, त्यांवर दोन-तीन शब्दांची चिठ्ठी, आणि त्यातून पात्र प्रत्यक्षात काय बोलेल याची खात्री नाही, अशी ती रचना होती. बहुतेक वेळा ‘हो’, ‘टोमणा मारून हो’, ‘आधी सांगा’ आणि ‘आत्ता नको’ एवढ्यावरच निवड संपत असे. हे जमले नाही, अशी कबुली हॉवर्ड यांनीही दिली आहे. ‘स्टारफील्ड’मध्ये नायक पुन्हा अबोल झाला आणि पूर्ण वाक्ये परतली, त्यामुळे पाचव्या भागातही हेच घडेल असे मानायला बळकट आधार आहे.

पण पूर्ण वाक्ये परतली म्हणजे निवडीला वजन आलेच असे नाही. त्यासाठी बेथेस्डाने शेजारच्या घरात डोकावण्याचीही गरज नाही. चौथ्या भागाला मे २०१६ मध्ये जोडलेला ‘फार हार्बर’ हा पूरक भाग पाहावा. धुक्याने वेढलेल्या बेटावर तीन वस्त्या परस्परांच्या जिवावर उठलेल्या असतात. त्यांतील कोणतीही नष्ट करता येते किंवा तिघींमध्ये तह घडवता येतो. मात्र तो तह एका धर्मगुरूला बाजूला सारून त्याच्या जागी तोतया बसवण्याच्या फसवणुकीवर उभा राहतो, आणि हे पाप खेळाडूला डोळे उघडे ठेवून करावे लागते. याच स्टुडिओने, त्याच इंजिनवर (गेम ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरवर) आणि त्याच चार पर्यायांच्या चौकटीत हे साधले. पाचवा भाग सगळाच्या सगळा ‘फार हार्बर’च्या तोडीने लिहिला जावा, यापलीकडे माझी मोठी मागणी नाही.

याच स्टुडिओचे उलटे उदाहरणही विसरू नये. तिसऱ्या भागाच्या शेवटी प्राणघातक किरणोत्सर्ग असलेल्या खोलीत कोणीतरी जायचे असते. किरणोत्सर्गाची बाधा न होणारा म्यूटंट साथीदार शेजारी उभा असूनही ‘हे तुझे प्राक्तन आहे’ अशा थाटात नकार देतो. चाहत्यांच्या संतापानंतर २००९ च्या ‘ब्रोकन स्टील’ या पूरक भागाने हा प्रसंग दुरुस्त केला.

प्रश्न : प्रत्येक वेळी अमेरिकाच का? एखादा भाग भारतात घडू नये काय?

उत्तर : बेथेस्डाकडून ही आशा धरू नये. १९५० च्या दशकातील अमेरिकेचा भाबडा आशावाद, अणुऊर्जेवर चालणाऱ्या मोटारी आणि हसऱ्या जाहिराती, आणि त्यांच्याच मागे दडलेला सर्वनाश, हा या मालिकेचा गाभा आहे. ते अमेरिकीपणच मालिकेची ओळख असल्याचे हॉवर्ड यांनी सांगितले आहे. दुसरा देश पाहायचाच असेल, तर चाहत्यांनी बनवलेला ‘फॉलआउट : लंडन’ हा मॉड (मूळ गेममध्ये बदल करून बनवलेला गेम) जुलै २०२४ पासून विनामूल्य उपलब्ध आहे, आणि त्याचा आवाका थक्क करणारा आहे. अमेरिकेतल्या अमेरिकेत निवडायचे झाले, तर दलदल, पूर आणि स्वतंत्र सांस्कृतिक वळण असलेल्या न्यू ऑर्लिन्सला माझे मत.

भारताशी या मालिकेचा आलेला संबंध मात्र वेगळाच आहे. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन तिसरा भाग भारतात प्रसिद्ध न करण्याचा निर्णय घेतला. नेमका आक्षेप कशाला, हे सांगितले गेले नाही. गेममधील दोन डोक्यांच्या गाईंना ‘ब्राह्मिन’ म्हणतात, त्याकडे सर्वांनी बोट दाखवले.

प्रश्न : दूरचित्रमालिकेमुळे पुढील गेमच्या कथेचे हात बांधले जातील, असे वाटत नाही का?

उत्तर : थोडे बांधले जातील. एप्रिल २०२४ मध्ये सुरू झालेली ही मालिका २२९६ साली घडते आणि गेमच्या अधिकृत इतिहासातच मोडते. चौथा भाग २२८७ मध्ये घडत असल्याने मालिका सर्व गेमच्या पुढे गेली आहे. शेडी सँड्स या शहराचा विनाश तिने दाखवला तेव्हा एका दृश्यात फळ्यावर लिहिलेल्या २२७७ या सालामुळे, २२८१ मध्ये घडणारा ‘न्यू वेगास’ इतिहासातून पुसला गेला की काय, असा गदारोळ झाला. शेडी सँड्सवरील बॉम्ब ‘न्यू वेगास’च्या घटनांनंतर पडला, असा खुलासा हॉवर्ड यांना करावा लागला. पाचवा भाग मालिका घडते त्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर नेला, तर हा गुंता आपोआप टळेल.

प्रश्न : हा गेम ऑब्सिडियनकडेच का सोपवत नाहीत? आता तर दोन्ही स्टुडिओ मायक्रोसॉफ्टचेच आहेत.

उत्तर : ऑब्सिडियन २०१८ मध्ये आणि बेथेस्डाची मूळ कंपनी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या छत्राखाली आली, त्यामुळे कागदोपत्री अडचण नाही. तथापि ‘न्यू वेगास’ सुमारे दीड वर्षात, तिसऱ्या भागाचे तयार इंजिन आणि साहित्य वापरून बनला, आणि प्रसिद्धीच्या वेळी त्यात दोषांची रेलचेल होती, हे स्मरणरंजनात हरवते. समीक्षांचे सरासरी गुण देणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर ८५ गुण मिळाल्यास बोनस ठरला होता आणि गेम ८४ वर अडकला, ही हकिगत त्याचे एक लेखक ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनीच सांगितली होती. दिग्दर्शक जॉश सॉयर आजही ऑब्सिडियनमध्ये आहेत, पण अ‍ॅव्हेलोन यांनी २०१५ मध्ये स्टुडिओ सोडला. पंधरा वर्षांपूर्वीचा चमू जसाच्या तसा पुन्हा जमेल, ही अपेक्षा अवास्तव आहे. मुख्य पाचवा भाग बेथेस्डाकडेच राहील असे मी धरून चालतो. दोन मुख्य भागांमध्ये एक लहान, तयार इंजिनवरचा गेम दुसऱ्या स्टुडिओला देणे मात्र शहाणपणाचे ठरेल.

प्रश्न : मी फक्त दूरचित्रमालिका पाहिली आहे. तोवर काय खेळू?

उत्तर : ‘न्यू वेगास’पासून आरंभ करावा आणि नंतर चौथा भाग ‘फार हार्बर’सह खेळावा. जुन्या धाटणीचे वावडे नसेल, तर १९९७ चा मूळ गेमही घ्यावा. त्यात व्हॉल्टसाठी (नायकाच्या भूमिगत निवाऱ्यासाठी) पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची चिप शोधायला कथेतील १५० दिवस मिळतात, तेव्हा नकाशावर उगाच भटकण्यात ते घालवू नयेत.