चित्ररथाच्या फुलकामाला पहिल्यांदाच येतोयस ना?

८ सप्टेंबरच्या मारिया मातेच्या सणासाठी रथ सजवायला येतोयस, बरं वाटलं. वसईत हौशी लोकांची वाण नाही, पण प्रत्येकाला रथावर चढून फुलं टोचायची असतात. देठ खुडायला कुणी बसत नाही. तू आधी तिथेच बस, फुलांची जात हाताला कळते.

गोंडा, म्हणजे झेंडू, ताजा ठेवायचा म्हणून पाण्यात बुडवू नकोस. आधीच पावसाळा, त्यात भिजलेला गोंडा आतून कुजतो आणि मिरवणुकीत वास मारतो. पंख्याखाली सुटा पसर. सोनचाफ्याला मात्र देठाशीच धर. पाकळीवर बोट दाबलं की तासाभरात तिथे काळा डाग पडतो. तो सकाळी, सगळ्यात शेवटी लाव. शेवंती-निशिगंध आदल्या रात्री चालतात.

फुलं टोचायला खाली फोमऐवजी केळीचा खांब उभा चिरून घे. ओल असते, देठ टिकतात, पैसेही वाचतात. वजनदार असतो, तेव्हा टेम्पोच्या फाळक्याला सुतळीने घट्ट आवळ. आणि जुना शर्ट घाल, केळीचा डाग जात नाही.

अमेरिकेत पसाडेनाच्या रोझ परेडमध्ये रथाचा दिसणारा सगळा भाग फुलं, पानं, बिया, साली अशा नैसर्गिक वस्तूंनीच झाकावा लागतो. आपल्याला ती सक्ती नाही, पण बियांची युक्ती झकास आहे. मातेच्या झग्याची किनार मसूर-तांदळाने कर, फक्त छपराखाली.

कमान किती उंच करायची ते ठरवण्याआधी मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या विजेच्या तारा बघून ये. चालकाची काच आणि आरसेही मोकळे ठेव.