रुग्णालयातील रात्र आणि उलटी झोप

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे (वय ७४) खुब्याचे ऑपरेशन झाले. वॉर्डात ते दिवसभर पेंगत आणि रात्री टक्क जागे राहत. तिसऱ्या रात्री तर ‘गाडी चुकेल, मला सोडा’ असे म्हणत सलाईनची नळी ओढू लागले. वॉर्डातील दिवे आणि गोंगाट याला कारणीभूत असतील का? – एक वाचक, सातारा

उत्तर : असू शकतात, मात्र केवळ तेच नव्हेत. शरीराचे मुख्य घड्याळ मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात असते आणि ते डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून, विशेषतः त्यातील निळसर भागावरून, दररोज जुळवले जाते. उघड्यावर ढगाळ दिवशीही हजारो लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, तर खिडकीपासून दूरच्या खाटेवर भरदुपारीही बहुधा काहीशे लक्सच पोहोचतो. उलट रात्री डोक्यावरची ट्यूबलाइट लागली की मेलॅटोनिन हे रात्रीची सूचना देणारे संप्रेरक दबते. लोक रात्रीच्या उजेडालाच दोष देतात. माझ्या मते दिवसाचा अंधूकपणा तितकाच दोषी आहे, कारण त्या घड्याळाला धड दिवसही मिळत नाही आणि धड रात्रही.

आवाजाचे म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत वॉर्डात रात्री सरासरी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. अतिदक्षता विभागात मात्र ५०च्या वर आवाज नेहमीच आढळतो. सततच्या घरघरीपेक्षा मॉनिटरचा अचानक वाजणारा अलार्म किंवा फरशीवर पडलेले स्टीलचे भांडे झोप अधिक मोडते. (मध्यरात्री नातेवाइकांच्या मोबाइलवर चालणारे व्हिडिओही याच यादीत येतात, हे नाइलाजाने लिहावे लागते.)

सासऱ्यांची ती बडबड मात्र निव्वळ झोपमोड समजू नये. शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना अचानक होणाऱ्या या भ्रमावस्थेला डिलिरियम म्हणतात. तिच्यामागे वेदना, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी किंवा एखादे औषधही असू शकते. म्हणून अशा वेळी ‘वय झाले’ म्हणून गप्प न बसता डॉक्टरांना लगेच सांगावे. झोपेची गोळी स्वतःहून मागू नये, कारण काही गोळ्यांनी हा भ्रम वाढतो.

पुन्हा असा प्रसंग आल्यास सकाळीच पडदा सरकवून, परवानगी असेल तर रुग्णाला खुर्चीत बसवावे, चष्मा व श्रवणयंत्र हाताशी ठेवावे आणि आज कोणता वार आहे हे बोलता बोलता सांगावे. रात्री डोळ्यांवर पट्टी व कानांत बोळे चालतील, पण त्यांनी रुग्ण अधिक गोंधळत असेल तर काढून टाकावेत. रात्रीची औषधे आणि रक्तदाबाची तपासणी एकाच फेरीत उरकता येईल का, हे सिस्टरना विचारायला हरकत नाही. अलार्म मात्र आपण होऊन बंद करू नये. घरी आल्यावरही क्रम उलटाच असेल, तर सकाळचा वेळ गॅलरीत घालवावा आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर आणावी. भ्रम पुन्हा दिसू लागल्यास मात्र वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.